पाकळी पडण्याआधी

दुपारी तीनच्या सुमारास पुंडलिक मोड आलेले वाल सोलत बसला होता. बायजा शाळेतून आली, तिने दप्तर कोनाड्यात ठेवलं, त्याच्याकडे पाठ करून बसली आणि म्हणाली, "आजोबा, माझे केस कापा." त्याला वाटलं, उवा झाल्या असतील. नऊ वर्षांच्या पोरीच्या मानाने तिची वेणी फार लांब होती, पार कमरेपर्यंत. सगुणाने ती तेल घालून घालून वाढवली होती. सगुणाला जाऊन आठ महिने झाले होते आणि आता रोज सकाळी पुंडलिकच ती वेणी घालायचा, वाकडीतिकडी. "किती कापू?" त्याने गमतीने विचारलं. बायजा म्हणाली, "सगळे. धरता नाय आले पायजेत." त्याची बोटं वालावर थांबली. पण क्षणभरच. मग तो म्हणाला, आजीने वाढवलेले केस असे कापतात का गो, आजीला काय वाटेल. मेलेल्या माणसाचं नाव घेतलं की समोरचा गप्प होतो हे त्याला आठ महिन्यांत कळलं होतं. ती गप्प झाली. सालं एका बाजूला करत बसली. थोड्या वेळाने म्हणाली, पोट दुखतंय. तो म्हणाला, जाऊन ये, काका वाट बघत असतील, कामात लक्ष लागलं की पोट राहतं. त्या दिवशीही त्याने तिला पाठवलं. दारापर्यंत स्वतः सोडलं.

काका म्हणजे बाबाजी. चार घरं सोडून त्याचा गणपतीचा कारखाना होता. सगुणा गेल्यापासून घरात दुपारी कोणी नसायचं. पुंडलिकाचा मुलगा जगन वडखळच्या पुढे एका कंपनीत शिफ्टला, सून शांती पोह्यांच्या गिरणीत. पुंडलिक होता, पण पुंडलिकाचं असणं कोणी मोजत नव्हतं, तो स्वतःही नाही. चार वाजता तो औषध घ्यावं तसा झोपायचा, सातला उठायचा. त्या वेळात पोरगी कारखान्यात बसून मुकुटांना खडे चिकटवते, आणखी दोघीतिघी बायका असतात, हाताला वळण लागतं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे बाबाजीच म्हणाला होता, पाठवा की पोरीला, आपलंच घर आहे. आणि ते खरंच होतं. सगुणाला मुंबईच्या दवाखान्यात न्यायचं असायचं तेव्हा दर वेळी टेम्पो बाबाजीचा. ती गेली तेव्हा पुढचा खांदा बाबाजीचा. तेरा दिवस तो पुंडलिकाशेजारी सतरंजीवर बसला, एक शब्द न बोलता. बाकीचे लोक येऊन बोलत होते. धीर धरा, देवाची इच्छा, भरल्या कपाळाने गेली. बाबाजी फक्त बसायचा आणि मधेच उठून चहा आणून समोर ठेवायचा. चौदाव्या दिवशी पुंडलिकाने पहिल्यांदा आपण होऊन कप उचलला. तेव्हापासून रोज सकाळचा चहा कारखान्याच्या दारात. तेवढा एक चहा सोडला तर दिवसाला कुठे धरायला मूठ नव्हती.

रविवारी तो तिचे केस विंचरत होता. ती पुढे बसलेली, तो मागे. नंतर त्याला वाटत राहिलं की तोंड दिसत नव्हतं म्हणूनच ती बोलली. त्याने तीन पेड केले, हातात घट्ट धरले, आणि ती भिंतीकडे बघत म्हणाली, "काका पण असंच धरतात. जोरात. साच्यांच्या खोलीत. दार लावून." पुंडलिकाने पेड सोडले नाहीत. सोडायला हवे होते हे त्याला पुष्कळ नंतर सुचलं. ती म्हणाली, "मला नाय आवडत. मी सांगितलं त्यांना, मला नाय आवडत." बाहेर कोणी तरी भंगारवाला ओरडत चालला होता. पुंडलिकाला कानशिलात गरम लागलं, आणि त्याच वेळी, सतरंजीवर शेजारी बसलेल्या माणसाचा चहा ठेवणारा हात दिसला. दोन गोष्टी एका डोक्यात मावत नव्हत्या. एक बाहेर ठेवायची होती. तो म्हणाला, "काका आपलेच हायत गो. लाड करत असतील."

"व्हय," बायजा म्हणाली.

ते व्हय त्याच्या ओळखीचं होतं. एकतीस वर्षं तो रोह्याच्या कारखान्यात फिटर होता. नळजोडणी, पंप, वाल्व. नवीन पोरं साहेबापुढे असं व्हय म्हणायची. त्यात होकार नसतो. आता इथे बोलण्यात अर्थ नाही, एवढंच असतं. त्याने वेणी पुरी केली. रिबीन बांधली. मग दिवसभर त्याला अंगात कणकण वाटत राहिली, म्हणून संध्याकाळी त्याने ते शांतीला सांगितलं. सांगितलं तेही कसं, तर ती चुलीपुढे भाकरी थापत असताना, उंबऱ्यात उभं राहून, पोरगी पलीकडे अभ्यास करत असताना, दुधाचा भाव सांगावा तसं. शांतीचा हात परातीत तसाच राहिला. मग ती उठली, पिठाच्या हातानेच बाहेर आली आणि बायजाच्या गालावर ती पांढरी बोटं उमटली. तिने पहिलं विचारलं ते हे, की अजून कोणाकोणाला बोललीस. पुंडलिकाला तो प्रश्न तेव्हा विचित्रही वाटला नाही. त्याच्याही मनात तोच आला होता.

जगन दुसऱ्या शिफ्टहून आला, त्याने पोरीला समोर उभं केलं. तो चांगला बाप होता, पोरीवर हात उगारणारा नव्हता. त्याने शांतपणे विचारलं, काय झालं. तिने सांगितलं, जेवढं आजोबांना सांगितलं होतं त्याहून कमी. त्याने पुन्हा विचारलं, नीट आठव, खेळत असतील. तिने अजून कमी सांगितलं. तिसऱ्यांदा त्याने विचारलं, तेव्हा ती पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "मी खोटं बोलले." घरातल्या सगळ्यांचा श्वास सुटला. पुंडलिकाचाही सुटला, ते त्याला स्वतःला ऐकू आलं. आणि मग अंथरुणावर पडल्यावर तो पंपांचा विचार करत राहिला. पंपातून आवाज येतो असं हेल्परने सांगितलं, आणि तीन वेळा त्याला दरडावून विचारलं की खरंच ऐकलास का, तर तिसऱ्यांदा तो म्हणतोच, नाय साहेब, भास झाला असेल. त्यावर पंप बरा होत नाही. पुंडलिकाने आयुष्यात कधी हेल्परला तिसऱ्यांदा विचारलं नव्हतं. उठून स्वतः पंपाला कान लावला होता.

तरी चार दिवस तसेच गेले. पोरीला कारखान्यात पाठवणं बंद केलं, ताप आलाय असं बाबाजीला कळवलं. पुंडलिकही सकाळच्या चहाला जाईना. बाबाजीने तिच्यासाठी दोन मोसंबी पाठवली. ती फडताळात वाळत पडली, कोणी खाल्ली नाहीत आणि कोणी फेकलीही नाहीत. शांतीचं म्हणणं पोरीला रोह्याला आपल्या आईकडे, कृष्णाबाईकडे ठेवू, वर्ष संपलं की शाळेचा दाखला तिकडे नेऊ. ती एकदा म्हणाली, पोरगी लांब गेली म्हणजे झालं. काय झालं, ते ती बोलली नाही. जगनचं म्हणणं बाबाजीचा मान मोठा, त्याच्या कारखान्यावर दहाबारा घरं जेवतात, आपण बोललो आणि ते खोटं निघालं तर आपल्याला ह्या आळीत तोंड दाखवायला जागा नाही. आणि खरं निघालं तर? ते कोणी विचारलं नाही. बायजा दोन्ही बोलण्यांच्या मध्ये बसून पाढे लिहीत असायची. ती आता अंथरूण ओलं करत होती. पहाटे उठून स्वतःच चादर धुवायची, नळाची धार बारीक सोडून, आवाज होऊ नये म्हणून.

शेवटी पुंडलिकच म्हणाला, गावाला जाऊन कौल लावू.

हे बोलल्याबरोबर घर हलकं झालं. कासूच्या अलीकडे खाऱ्या पाण्याच्या खाजणाच्या काठाला त्यांचं मूळ गाव, तिथली गावदेवी. घरातली प्रत्येक अडलेली गोष्ट तिच्यापुढेच गेली होती. बांधाचं भांडण, जगनचं लग्न, म्हैस गाभण राहील का. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायचा, गाऱ्हाणं घालायचा, आणि मग सगळे बसून बघायचे. उजवी आधी पडली तर व्हय, डावी पडली तर नाय. माणसाला ठरवायला लागत नाही. जगन म्हणाला, बरोबर, बाबा, देवीने उजवं दिलं तर मी स्वतः बाबाजीला बघून घेतो. शांतीने पदराला डोळे पुसले. पोरीलाही न्यायचं ठरलं, गाऱ्हाणं जिच्याबद्दल ती समोर लागते.

शुक्रवारी सकाळच्या रोह्याच्या गाडीने दोघं निघाले. ह्याच गाडीने पुंडलिक शेवटची काही वर्षं कामावर जायचा, डबा मांडीवर घेऊन, खिडकीकडे न बघता. आज त्याने बघितलं. भरतीचं पाणी, खाजणातले बांध, लांबवर मिठाचे पांढरे ढीग. बायजा त्याच्या शेजारी बसली होती, टेकून नव्हे, मध्ये वीतभर जागा सोडून. पूर्वी ती मांडीवर बसायची. ही वीतभर जागा कधी पडली हे त्याला आठवेना. रविवारी पडली की त्याच्या आधी, त्या दिवशी तो तिला दारापर्यंत सोडायला गेला तेव्हाच पडली? त्याला सगुणा आठवली. तिची आठवण त्याला काढावी लागत नसे, ती गुडघ्यासारखी दुखत असायची, उठताबसता. पण आज आठवली ती वेगळी. अडीच वर्षांपूर्वी दुपारी हीच सगुणा त्याच्यासमोर बसून म्हणाली होती, "अवं, माझ्या छातीत गाठ लागते हाताला." किती साधं वाक्य. त्याने काय केलं? तो तिला घेऊन ह्याच गाडीने ह्याच देवीकडे आला. विचारलं, वाईट नाय ना? उजवी पाकळी पडली. सगुणा हसली होती. येताना त्यांनी पेणला उतरून पापड घेतले. मग गाठ चार महिने तशीच राहिली, कारण देवीने सांगितलं होतं, आणि सगुणाने पुन्हा विषय काढला तर तो म्हणायचा, कौल झालाय ना. पाचव्या महिन्यात ती बोलायचीच थांबली. मग दुखणंच बोललं. मुंबईच्या डॉक्टराने विचारलं होतं, इतके दिवस बाईंनी सांगितलं नाही का? पुंडलिक म्हणाला होता, नाही सांगितलं. सगुणा शेजारी बसून ऐकत होती. तिने त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. ते खोटं त्याने कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं, बाबाजीजवळही नाही.

देवळात सखा गुरव एकटाच होता. म्हातारा, पुंडलिकाच्याच वयाचा, लहानपणी दोघांनी मिळून खेकडे धरलेले. पुंडलिका, आता काय विचारतोस, दुसरं लग्न करू का म्हणून? असं म्हणून तो एकटाच हसला, मग पोरीकडे लक्ष गेलं तसा गप्प झाला. पुंडलिकाने गाऱ्हाणं सांगितलं. नाव न घेता. पोरगी एका माणसाबद्दल बोललीय, ते खरं का खोटं. सखाने पोरीकडे एकदा बघितलं, पुंडलिकाकडे एकदा, आणि काही न विचारता पाकळ्या पाण्यात भिजवल्या. असल्या गाऱ्हाण्यांना तो नवा नसावा. त्याने एक पाकळी उजव्या खांद्याला लावली, एक डाव्या. गाऱ्हाणं पुटपुटला. देवी म्हणजे शेंदराचा दगड, डोळे चांदीचे. पुंडलिक हात जोडून बसला. त्याला आतून फार थकल्यासारखं झालं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला डावी पडायला हवी होती. हे त्याला तिथे बसल्यावर कळलं. डावी पडली की उद्यापासून सकाळचा चहा. आठ महिन्यांत मिळालेला एकमेव माणूस तसाच्या तसा परत. डाव्या पाकळीचं एक टोक सुटून हलत होतं. दारातून खाजणाचा वारा येत होता आणि तो डाव्या बाजूने येत होता. एवढी साधी गोष्ट त्याला आयुष्यात आजवर दिसली नव्हती.

बायजा हलक्या आवाजात म्हणाली, "डावी पडली तर मी खोटी ना?"

तिने ते भांडून विचारलं नव्हतं. तिला फक्त नियम समजून घ्यायचा होता. पुंडलिकाने तिच्याकडे पाहिलं. ती पाकळीकडे बघत होती. ओठ मिटलेले, हात जोडलेले, आणि बोटं एकमेकांत इतकी घट्ट की नखं पांढरी पडली होती. शाळेत निकालाच्या दिवशी पोरं असं बघतात. तो उठला. गुडघा वाजला. तो गाभाऱ्यात गेला, जिथे आंघोळ करूनसुद्धा दुसऱ्याने जायचं नसतं, आणि त्याने दोन्ही पाकळ्या बोटाने काढून घेतल्या. आधी डावी, मग उजवी. सखा जागचा उठलाच. "लावलेला कौल कोणी काढत नाय, पुंडलिका," तो म्हणाला. त्याचा आवाज रागाचा नव्हता, घाबरल्यासारखा होता. पुंडलिक म्हणाला, जे काय पाप लागेल ते मला लागू दे, देवीला सांग, मी विचारायला नको ते विचारलं.

बाहेर पायरीवर येऊन तो बसला. पोरगी दोन पायऱ्या खाली. त्याला माफी मागायची सवय नव्हती. सगुणाचीही त्याने कधी मागितली नाही. तो म्हणाला, "तू सांगितलंस तेव्हा मी लाड म्हटलं. ते माझं चुकलं. तू खरं बोललीस." त्याने काही विचारलं नाही. एकदाही नाही. खूप वेळाने ती बोलायला लागली. समोरच्या खाजणाकडे बघत, तुटक तुटक, मधेच शाळेतलं काही, मधेच पुन्हा तेच. काही गोष्टींना तिच्याकडे शब्द नव्हते, तिथे ती थांबे आणि चप्पल मागेपुढे करी. पुंडलिकही खाजणाकडेच बघत राहिला, कारण आपलं तोंड वाकडं झालं तर ही थांबेल, एवढं त्याला कळत होतं. ती गणपतीनंतरपासूनचं सांगत होती. म्हणजे सगुणाचे तेरा दिवस संपले त्याच्या पुढच्याच महिन्यापासूनचं. शेवटी ती म्हणाली, "मी केस कापा बोलली ना, त्या दिवशी पण." आणि नंतर, त्याला दोष न देता, नुसतं आठवून, "तुम्ही दारापर्यंत आलेले." पुंडलिकाने मान हलवली. म्हणाला, "व्हय. मी आलेलो."

घरी सगळे वाट बघत होते. जगनने सुट्टी टाकली होती, शांती गिरणीत गेली नव्हती. उंबरा ओलांडायच्या आत जगनने विचारलं, "काय दिलं देवीने?" पुंडलिक खाली बसला, पाणी मागितलं. परतीच्या गाडीत त्याने हे सगळं मनात फिरवून पाहिलं होतं. उजवी पडली, एवढं म्हटलं की काम होतं. जगन लगेच उठेल, शांती पोरीला पोटाशी धरेल, कोणी पुढे एक शब्द विचारणार नाही. देवीचं नाव पुढे केलं की आळीतही कोणी तोंड उघडणार नाही. खोटं, पण पोरीच्या बाजूचं खोटं. त्याने फुलपात्र तोंडाला लावलं आणि त्यावरून बायजाकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होती आणि त्याच्याकडेच बघत होती. तिला माहीत होतं काय झालं ते. पाकळी पडली नव्हती. आता तो उजवी म्हणाला असता तर ह्या घरात तिचं बोलणं खरं ठरलं असतं, पण ते दगडाच्या नावावर, आणि पुढच्या वेळी ती काही सांगायला आली तर पुन्हा कुणी तरी पाकळ्या भिजवल्या असत्या.

"कौल झाला नाय," तो म्हणाला. "काढून घेतला. बायजा बोलली, ती खरी हाय. मी ऐकलंय."

जगन चिडला. मग कशाला गेलात, म्हणाला. तीन वेळा विचारलं तेव्हा खोटं म्हणाली होती, आता कशाच्या जोरावर मी त्या माणसापुढे उभा राहू. तो म्हाताऱ्या बापाशी कधी नव्हे ते एकेरीवर आला, मग स्वतःच ओशाळून मागच्या दारी जाऊन उभा राहिला. त्याची पाठ दिसत होती. पुंडलिकाला त्याचा राग आला नाही. त्यालाही दोन गोष्टी एका डोक्यात मावत नव्हत्या, आणि त्याला चार दिवसच मिळाले होते. पुंडलिक म्हणाला, मी पोलीस चौकीवर जातो, बाईमाणूस असेल तर तिच्यापुढे ही बोलेल, नसेल तर बसून राहू. तो उठला. शांती फडताळाशी गेली, ती दोन सुकलेली मोसंबी उचलून बाहेरच्या गटारात टाकली, हात धुतला, दोनदा धुतला. मग बायजासमोर उकिडवी बसली. गालाला हात लावायला गेली आणि लावला नाही. म्हणाली, "मी येऊ का गो तुझ्यासंगं?" पोरीने थोडा विचार केला. मग मान हलवली. शांतीने चपला घातल्या.

तिघं निघाली, बायजा पुंडलिकाचं बोट धरून. रस्ता कारखान्यावरूनच जातो, दुसरा नाही. दारात नव्या मूर्ती वाळत ठेवलेल्या, नुसत्या पांढऱ्या. बाबाजी स्टुलावर बसून एका मूर्तीची सोंड ओल्या फडक्याने गुळगुळीत करत होता. त्याने वर पाहिलं आणि रोजच्यासारखा हसला. म्हणाला, "पुंडलिकदादा, चार दिस चहाला नाय? बायजाचा ताप उतरला वाटतं." आणि पुंडलिकाचा उजवा हात आपोआप वर गेला. येतो, अशा अर्थाने. आठ महिन्यांची सवय. हात वर गेलेला त्याने स्वतःच पाहिला, दुसऱ्याचा बघावा तसा. मग तो खाली घेतला. बाबाजीकडे न बघता तो पुढे चालू लागला. पण बायजाने पाहिलं होतं. तिने त्याचं बोट सोडलं आणि ती आईच्या बाजूला गेली.

मागून बाबाजीने पुन्हा हाक मारली, ह्या वेळी जरा चढ्या आवाजात, मग फडक्याचा आवाज थांबला. नाक्यापर्यंत तिघं तशीच चालली, पोरगी आईला धरून, पुंडलिक एकटा, दोन पावलं मागे. त्याला वाटलं, बाकी राहिलेला जन्म हे असंच असलं तरी चालेल, दोन पावलं मागे. चौकी आली. बाहेर बाकावर एक हवालदार बसला होता. त्याने काय काम म्हणून विचारलं. पुंडलिक म्हणाला, बाईसाहेब असतील तर त्यांच्याशी बोलायचंय, ह्या पोरीला. हवालदाराने पोरीकडे पाहिलं आणि सांगितलं, चार वाजता येतात, बसा आत. तीन पायऱ्या होत्या. पुंडलिक गुडघ्यावर हात ठेवून पहिली चढला. तेव्हा बायजा आईच्या बाजूने निघाली, त्याच्या मागून फिरून आली, आणि तिने त्याचा डावा हात धरला.